दात पडद्यावर येतो तेव्हा

तोंडातला दात तोंडाबाहेर कसा न्यायचा, या एका प्रश्नाभोवती दंतवैद्यकाचा बराच मोठा इतिहास फिरला आहे. लहानशी कीड काढून दातात चांदी किंवा सिमेंट भरायचे असेल तर काम जागच्या जागी होते. पण दाढेचा निम्मा भाग गेला असेल, रूट कॅनल झाले असेल, कॅप किंवा ब्रिज बसवायचा असेल, तर ती वस्तू तोंडात घडवता येत नाही. ती दुसरीकडे, टेबलावर, चांगल्या उजेडात घडवावी लागते. घडवणाऱ्याने बहुतेक वेळा तो रुग्ण कधी पाहिलेलाही नसतो. त्याच्या हाती फक्त माप येते. त्या मापावर कॅपचे सारे भवितव्य ठरते, कारण कॅपची कड आणि दात यांच्यामधल्या फटीतूनच पुढे लाळ, जंतू आणि कीड आत शिरते. जॉन मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजारभर रिस्टोरेशन्स पाहून १९७१ मध्ये या फटीची सहन होण्याजोगी मर्यादा १२० मायक्रॉन सांगितली. मिलिमीटरच्या आठव्या भागाहूनही ती थोडी कमीच भरते. आजही आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांपुढे हाच आकडा ठेवतो.

हे पुस्तक या मापाच्या आणि त्यापुढच्या घडणीच्या बदललेल्या रीतींविषयी आहे. स्कॅनर, डिझाइनचे सॉफ्टवेअर, मिलिंगचे यंत्र, थ्रीडी प्रिंटर, आणि या सगळ्यांत टिकून राहणाऱ्या सिरॅमिक व रेझिनच्या वस्तू, असा त्याचा आवाका आहे. लेखिकेने ते मराठीत लिहिले याचा मला विशेष आनंद आहे. आमच्या विषयाची पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात आणि परीक्षाही इंग्रजीत होतात; पण लॅबमधले बोलणे, खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला समजावणे आणि सहायकाला सूचना देणे हे सारे महाराष्ट्रात मराठीतच चालते. ज्या भाषेत काम होते त्या भाषेत त्या कामाचा विचारही नीट मांडलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

जुनी रीत आधी समजून घेतली पाहिजे, कारण तिच्या मानाने नवी रीत जोखायची आहे. बर्लिनच्या फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये मेणाने माप घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची पद्धत लिहून ठेवली. १९०७ मध्ये विल्यम टॅगार्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये मेणाचा नमुना जाळून त्याच्या जागी सोने ओतण्याची कृती दंतवैद्यांपुढे मांडली. पुढची ऐंशी वर्षे माप घेण्याचे पदार्थ सुधारत गेले, अल्जिनेट आले, सिलिकोन आले, पण मार्ग तोच राहिला. तोंडातून साचा, साच्यातून प्लास्टरचा दात, त्यावर मेण, मेणाभोवती पुन्हा साचा, आणि शेवटी धातू. यातला प्रत्येक पदार्थ आपला आकार बदलतो. प्लास्टर घट्ट होताना किंचित फुगते, मेण थंड होताना आकसते, सोन्याचा मिश्रधातू गोठताना सुमारे दीड टक्का आकसतो, म्हणून ज्या साच्यात तो ओतायचा तो साचा तापवून साधारण तेवढाच फुगवायचा. ही सगळी कारागिरी एका फरकाने दुसरा फरक फेडण्याची होती. चांगल्या कारागिरांनी ती इतकी साधली की तशा सोन्याच्या कॅप तीस-तीस वर्षे टिकलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. नव्या यंत्रांचे कौतुक करताना ही पातळी विसरू नये.

मात्र जुन्या रीतीत एक मोठी उणीव होती आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नसे. दंतवैद्याला आपले स्वतःचे काम नीट दिसत नसे. दात कोरला, माप घेतले, ट्रेमध्ये उलटा उमटलेला ठसा पाहिला, त्यात बुडबुडा नाही ना एवढे तपासले, की रुग्ण घरी. कोरलेल्या दाताची एखादी बाजू आत झुकली आहे, वर कॅपसाठी पुरेशी जागा सुटलेली नाही, मागच्या बाजूची कड अस्पष्ट आहे, हे सारे प्रथम कळायचे ते दुसऱ्या दिवशी, लॅबमध्ये, प्लास्टर ओतल्यावर. तिथल्या माणसाने फोन करून हे सांगावे असे त्या नात्यात क्वचितच घडे. तो खड्डा मेणाने भरून घेई, कड अंदाजाने आखी, आणि कॅप करून पाठवून देई. कॅप बसली नाही की दंतवैद्य ती घासून बसवी. नेमके कुठे बिनसले हे दोघांपैकी कोणालाच पुरते कळत नसे, आणि त्यामुळे दोघेही सुधारत नसत. माझ्या मते डिजिटल साधनांचे सर्वांत मोठे देणे इथे आहे. जाहिराती वेगाविषयी बोलतात, एका बैठकीत कॅप, तासाभरात दात. वेग सोयीचा आहेच. पण रुग्ण खुर्चीत असतानाच त्याचा कोरलेला दात पंधरा-वीस पट मोठा होऊन पडद्यावर येतो, आणि कोरणाऱ्याला आपल्या हाताचे काम तत्क्षणी बघावे लागते, याचे मोल मी वेगापेक्षा कितीतरी अधिक मानतो.

हा पडदा आला कुठून? फ्रान्समधल्या लिआँ शहरात फ्रांस्वा दुरे या तरुणाने १९७३ मध्ये प्रकाशाने दाताचे माप घेण्याच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला. तेव्हा वैयक्तिक संगणकही बाजारात नव्हते. दहा-बारा वर्षे त्या कल्पनेमागे लागून त्यांनी १९८५ मध्ये पॅरिसमधल्या दंतवैद्यांच्या अधिवेशनात स्वतःच्या पत्नीच्या दाताची कॅप सर्वांसमक्ष करून दाखवली. त्यांची यंत्रणा मात्र महाग आणि गुंतागुंतीची होती, ती बाजारात टिकली नाही.

टिकली ती झुरिकची यंत्रणा, आणि तिच्यामागचा विचार अधिक साधा होता. झुरिक विद्यापीठातले वेर्नर म्योरमान यांना दाढेतल्या चांदीला दाताच्या रंगाचा पर्याय हवा होता. त्या काळची कॉम्पोझिट सिमेंटे कडक होताना आकसत आणि दाढेतल्या मोठ्या खड्ड्याच्या कडेला फट पडे. मग खड्ड्याच्या आकाराचा सिरॅमिकचा तयार तुकडाच बाहेर घडवून आत चिकटवला तर? विद्युत अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी यांच्यासोबत त्यांनी छोटा कॅमेरा आणि छोटे घासणारे यंत्र एका गाड्यावर बसवले, आणि १९ सप्टेंबर १९८५ रोजी पहिला सिरॅमिक इनले रुग्णाला खुर्चीवरच, त्याच बैठकीत बसवला. सेरेक हे नाव त्या यंत्राचे. पहिल्या आवृत्तीची क्षमता आज वाचताना आश्चर्य वाटते. दातावर टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड फवारल्याशिवाय कॅमेऱ्याला काही दिसत नसे. पाण्याच्या जोरावर फिरणारी एक चकती तुकडा कापे, आणि दाढेचा चावायचा पृष्ठभाग तिला घडवताच येत नसे, तो दंतवैद्याने तोंडात हाताने कोरायचा. कडेच्या फटी आजच्या मानाने मोठ्या होत्या. तरीही सुरुवातीच्या काळात बसवलेल्या अशा इनले-ऑनलेंचा एका स्विस दंतचिकित्सालयात सतरा वर्षे पाठपुरावा झाला तेव्हा जवळजवळ ८९ टक्के यशस्वी निघाले.

याचे कारण संगणकात शोधले तर सापडणार नाही. ते चिकटवण्याच्या शास्त्रात आहे. मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फोरिक आम्लाने दाताचे इनॅमल खरखरीत करून त्यावर रेझिन पकडून ठेवता येते हे दाखवले. १९८०च्या दशकात हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिरॅमिकचा आतला पृष्ठभागही तसाच खरखरीत करता येऊ लागला. दोन्हीकडून पकड मिळाल्यावर मधला रेझिनचा थर फट भरून काढणारा आणि ताकद देणाराही ठरला. पुस्तकातले बंधनावरचे प्रकरण विद्यार्थी घाईने चाळतील अशी मला भीती आहे, कारण त्यात पडदा नाही, यंत्र नाही. त्यांनी ते दोनदा वाचावे. रबर डॅम न लावता, लाळेत चिकटवलेली उत्तम मिल केलेली कॅप जुन्या काळच्या सामान्य कॅपइतकीही टिकत नाही.

त्याच दशकात स्वीडनमध्ये वेगळ्या वाटेने प्रयत्न चालले होते. सोने महाग झालेले, म्हणून मॅट्स अँडरसन टायटॅनियमकडे वळले. टायटॅनियम ओतायला अवघड, म्हणून त्याला यंत्राने आकार द्यायचा विचार पुढे आला. यातून प्रोसेरा ही पद्धत निघाली आणि १९९३ मध्ये तिच्यात दाट अॅल्युमिनाची कॅप आली. लॅबमध्ये प्लास्टरच्या दातावरून माणकाचे टोक असलेली सुई फिरवायची, तिने टिपलेले बिंदू मोडेमवरून स्वीडनच्या कारखान्यात पाठवायचे, आणि कॅपचा आतला गाभा तिथून टपालाने यायचा. वस्तूऐवजी तिची नोंद प्रवास करू लागली. आज सांगली किंवा अकोल्याचा दंतवैद्य स्कॅनची फाइल पुण्या-मुंबईच्या लॅबला धाडतो, तेव्हा तो हीच वाट चालत असतो. पूर्वी तालुक्याच्या गावातून मापाचे ट्रे पार्सलने जायचे, उन्हाळ्यात अल्जिनेट वाटेत सुकायचे आणि आकसायचे. त्या खटाटोपातून निदान या दंतवैद्यांची सुटका झाली.

आता स्कॅनर प्रत्यक्षात काय करतो ते पाहू, कारण त्याच्या मर्यादा त्याच्या कृतीतूनच येतात. काही स्कॅनर दातावर प्रकाशाची नक्षी टाकतात आणि शेजारच्या कोनातून कॅमेऱ्याने ती किती वाकली ते मोजून उंची काढतात. काही स्कॅनर प्रतिमा कुठल्या खोलीवर सर्वांत ठळक दिसते यावरून अंतर ठरवतात. पद्धत कोणतीही असो, स्कॅनरच्या टोकाला एका वेळी एक-दोन दातांएवढीच जागा दिसते. सॉफ्टवेअर असे शेकडो तुकडे एकमेकांवर जुळवत पुढे जाते. गोधडी शिवताना प्रत्येक ठिगळ केसभर तिरके गेले तर शेवटच्या काठाला ते बोटभर होते, तसेच इथे घडते. एका दाताच्या किंवा छोट्या ब्रिजच्या स्कॅनमध्ये चूक काही दशक मायक्रॉनांत राहते. पण डाव्या अक्कलदाढेपासून उजव्या अक्कलदाढेपर्यंत पूर्ण कमान स्कॅन केली की ती साठत जाते. अनेक इम्प्लांटवर एकसंध सांगाडा बसवायचा असतो तिथे हा फरक जाचतो. दात मुळीच नसलेल्या हिरडीवर तर जुळवणीला धरायला खुणाच नसतात. गुळगुळीत, ओली, हलणारी हिरडी स्कॅनरला चकवते. पूर्ण कवळीसाठी म्हणून मी अजूनही नीट घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या मापाला पहिली पसंती देतो.

दुसरी मर्यादा त्याहून मूलभूत आहे. प्रकाश सरळ जातो. सिलिकोन हिरडीखाली थोडे सरकू शकते, प्रकाश सरकत नाही. हिरडीच्या आत गेलेली कड, तिच्यावर साचलेले रक्त किंवा लाळेचा थेंब, यांच्यापलीकडचे स्कॅनरला काही दिसत नाही. म्हणून हिरडी दोऱ्याने बाजूला सारणे, रक्त थांबवणे, जागा कोरडी करणे ही जुनी शिस्त स्कॅनर आल्यावर अधिकच कडक झाली आहे. त्यातच एक धोका लपलेला आहे, आणि लेखिकेने तो स्पष्ट सांगितला याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. सॉफ्टवेअरला पोकळी आवडत नाही. जिथे माहिती मिळाली नाही तिथे ते शेजारच्या बिंदूंवरून पृष्ठभाग ताणून भरते, आणि तो भरलेला भाग खऱ्या भागाइतकाच सुंदर, गुळगुळीत दिसतो. ट्रेमधला बुडबुडा डोळ्यांत खुपत असे. पडद्यावरची ही बनावट कड खुपत नाही. म्हणून रंगीत प्रतिमेत हिरडीचा तांबडा रंग कडेवर चढला आहे का, कडेची रेषा एका जागी विनाकारण वळली आहे का, हे पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. दिसू लागले म्हणून सगळे खरेच दिसते असे नाही.

घडणीच्या बाजूलाही यंत्राने दंतवैद्याच्या हाताला नवे नियम घातले. मिलिंगच्या यंत्रातला बर गोल टोकाचा असतो आणि त्याला जाडी असते. त्याच्या त्रिज्येहून अधिक तीक्ष्ण आतला कोपरा त्याला कापता येत नाही. दात टोकदार कडांचा कोरला, तर कॅप त्या टोकावर अडू नये म्हणून सॉफ्टवेअर आतून जास्तीचा भाग खरवडून टाकते. कॅप बसते, पण आत पोकळ आणि भिंतीला पातळ होते. म्हणून आज कोरलेल्या दाताचे सगळे आतले कोन गोलसर हवेत, कडेला स्पष्ट गोलाकार खांदा हवा, आणि सुरीच्या पात्यासारखी पातळ कड नको, कारण मिल होताना सिरॅमिकची तशी कड कपरते. दाढेवर लिथियम डायसिलिकेटसाठी वर साधारण दीड मिलिमीटर जागा लागते. ती नसेल तर सॉफ्टवेअर त्या जागी लाल रंग दाखवते. तो लाल रंग दिसल्यावर उठून पुन्हा हँडपीस हातात घेणारा दंतवैद्य आणि "चालेल" म्हणून पुढचे बटण दाबणारा दंतवैद्य यांच्यात, माझ्या दृष्टीने, या तंत्राचे सगळे यशापयश सामावले आहे.

पदार्थांविषयी पुस्तकात भरपूर आहे, त्यातल्या दोन गोष्टी मला फार रंजक वाटतात. लिथियम डायसिलिकेटचा ठोकळा मिलिंगच्या वेळी निळसर-जांभळा असतो आणि त्याची ताकद जेमतेम १३० मेगापास्कलच्या आसपास असते, म्हणून तो सहज कापता येतो. मग भट्टीत सुमारे ८५० अंश सेल्सियसला त्यातले स्फटिक बदलतात, दाताचा रंग उमटतो आणि ताकद तिपटीच्या आसपास जाते. झिरकोनिया तर खडूसारखा मऊ असताना मूळ आकाराहून वीस ते पंचवीस टक्के मोठा कापतात आणि सुमारे १५०० अंशांच्या भट्टीत तो आकसून नेमक्या मापाला येतो. त्याच्या बळाचे रहस्य असे की तडा पुढे सरकू लागला की तड्याच्या टोकाशी असलेले स्फटिक आपले रूप बदलतात, किंचित फुगतात आणि तड्याला दाबून धरतात. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मांडले. रुग्ण आता स्वतःहून "झिरकोनियाचीच कॅप द्या" म्हणतात, आणि तिच्या कडकपणामुळे समोरचा दात झिजेल अशी भीतीही बाळगतात. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला फारसा झिजवत नाही. चावा जुळवताना घासून तसाच खरखरीत सोडलेला झिरकोनिया मात्र त्याची वाट लावतो. पाच मिनिटांचे पॉलिशिंग इथे हमीच्या कार्डापेक्षा अधिक कामाचे आहे.

डिझाइनच्या प्रकरणात एक मुद्दा महाराष्ट्रातल्या वाचकाने थांबून वाचावा. सॉफ्टवेअरच्या पोटात तयार दातांचा संग्रह असतो आणि त्यातले दात टोकदार उंचवट्यांचे, तरुण असतात. आपल्याकडे येणाऱ्या साठीतल्या बाईच्या दाढा वर्षानुवर्षे मशेरी लावून आणि भाकरी चावून सपाट झालेल्या असतात. त्या तोंडात संग्रहातला दात बसवला तर तो पहिल्याच घासाला खटकतो, आणि मग सिरॅमिक तरी तुटते किंवा समोरचा दात तरी दुखतो. आल्बर्ट मेल यांनी याच अडचणीवर २००५ मध्ये रुग्णाच्या उरलेल्या दातांवरूनच हरवलेल्या भागाचा आकार गणिताने काढण्याची रीत सुचवली. आज कृत्रिम बुद्धिमत्ता तेच अधिक सफाईने करते, कडेची रेषाही स्वतः आखून देते. तरी शेवटचा निर्णय त्या तोंडाकडे पाहून घ्यावा लागतो. शेजारची दाढ किती झिजली आहे, जबडा बाजूला सरकताना दात कुठे घासतात, हे ठरवायला आधी माणसाने तोंड पाहिलेले असावे.

आपल्याकडची आणखी एक अडचण परदेशी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडते. सुपारी-गुटख्याने तोंडाच्या आतल्या त्वचेखाली तंतू साचून तोंड उघडेनासे होते. श्वार्त्झ यांनी १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय स्त्रियांत हा आजार पाहिला आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे भारतातले वर्णन केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्या बाह्यरुग्ण विभागात तोंड दोन बोटांपुरतेच उघडणारे तरुण अजूनही येतात. त्यांच्या दाढेपर्यंत मापाचा भरलेला ट्रे जातच नाही. स्कॅनरचे लहान टोक कधी जाते, कधी तेही अडते. स्कॅनर निवडताना पडद्याच्या लखलखाटापेक्षा टोकाची उंची मोजून पाहा, असा सल्ला लेखिका देतात. मला तो या पुस्तकातला फार मोलाचा सल्ला वाटला.

थ्रीडी प्रिंटिंगवर मी थोडेच लिहितो. चक हल यांनी १९८६ मध्ये पेटंट मिळवलेल्या तंत्रातून ते आले, आणि आमच्या फाइलींचा एसटीएल हा साचाही त्याच घराण्यातला. तो पृष्ठभागाचे त्रिकोण साठवतो, रंग साठवत नाही. दातांचे नमुने, इम्प्लांटसाठी ड्रिलला दिशा देणारे गाइड, तात्पुरत्या कॅप आणि कवळ्या यांसाठी प्रिंटिंग उत्तम आहे. कायमच्या कॅपसाठी मी अजून मिल केलेल्या सिरॅमिककडेच वळतो. छापलेली वस्तू नीट न धुतली आणि प्रकाशात पुरती न पक्की केली तर तिच्यात कच्चे रेझिन उरते, ते हिरडीला आणि हाताळणाऱ्याच्या कातडीला त्रास देते. लॅबमध्ये हातमोजे न घालता प्रिंटरपाशी बसलेली मुले मी पाहतो तेव्हा काळजी वाटते.

लॅबमधल्या माणसांविषयी मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. १९४८च्या दंतवैद्य कायद्यात त्यांना डेंटल मेकॅनिक म्हटले आहे आणि त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. पण रुग्णाला त्यांचे अस्तित्वही माहीत नसते. मेणाची दाढ कोरताना उंचवटा, दरी, उतार बोटांत मुरवलेली एक पिढी आता संगणकापुढे बसली आहे आणि तिचे काम पाहण्यासारखे आहे. कारण पडद्यावर फिरवलेला दात तिच्या बोटांना आधीच ठाऊक असतो. नव्या मुलांनी मेण हातात न घेता थेट माउस धरला, तर सॉफ्टवेअरने सुचवलेला दात बरा की वाईट हे त्यांना कशावरून कळणार? प्रत्येक लॅबने नव्या मुलाला पहिले काही महिने मेणावर ठेवावे असे माझे ठाम मत आहे. आणि दंतवैद्याने स्कॅन पाठवताना लॅबला विचारावे, कड दिसते का, जागा पुरते का. आता दोघांसमोर एकच चित्र आहे. लॅबमधल्या माणसाने "सर, मागची कड दिसत नाही, पुन्हा स्कॅन करा" म्हणायला आणि सरांनी ते ऐकायला काही हरकत उरलेली नाही.

रुग्णालाही तेच चित्र दिसते, आणि इथे मला एक चिंता आहे. मोठ्या पडद्यावरची बारीकशी चीर भयंकर दिसते. वेळ कमी लागतो, यंत्राचे हप्ते चालू असतात, अशा वेळी जिथे ऑनले पुरला असता तिथे पूर्ण कॅप सुचवण्याचा मोह होतो. डॅनिएल एडेलहॉफ आणि जॉन सोरेनसेन यांनी २००२ मध्ये पुढच्या दातांवर मोजून दाखवले की पूर्ण कॅपसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागातला ६३ ते ७२ टक्के भाग कोरला जातो, आणि व्हेनियरसारख्या पर्यायांत ३ ते ३० टक्के. काढलेला भाग कोणतेही यंत्र परत देत नाही. ज्या सेरेकपासून हा विषय सुरू झाला तिचा जन्म दाढेचा फक्त गेलेला भाग भरण्यासाठी झाला होता, हे ध्यानात ठेवावे. याच साधनाने दात वाचवताही येतात. आज स्कॅन करा, वर्षाने पुन्हा करा, दोन्ही एकमेकांवर ठेवा. दात किती झिजला, हिरडी किती सरकली, ते रंगांत दिसते. पुष्कळ वेळा त्यावरून एवढेच ठरते की अजून काही करायचे नाही, रात्री दात खाण्यावर उपाय करायचा आणि पुढच्या वर्षी पाहायचे. अशी नोंद रुग्णाची आहे. त्याने मागितली तर फाइल त्याला द्यावी, उद्या तो दुसऱ्या गावी गेला तर तिथल्या दंतवैद्याला ती उपयोगी पडेल.

रंगाच्या प्रकरणातली एक सूचना मी इथेच देऊन ठेवतो, कारण ती यंत्र नसलेल्यालाही लागू आहे. तोंड उघडे ठेवले की काही मिनिटांत दात सुकतो आणि पांढरा दिसू लागतो. रंग मोजणारे उपकरण असो की व्हिटाच्या सोळा छटांची पट्टी, रंग सर्वांत आधी, दात ओला असताना, काम सुरू करण्यापूर्वी घ्यावा. स्कॅन झाल्यावर घेतलेला रंग दुसऱ्याच दाताचा असतो म्हटले तरी चालेल.

हे पुस्तक वाचणाऱ्या बहुतेक दंतवैद्यांकडे आज स्वतःचा स्कॅनर नसेल, आणि तो घेण्यासाठी कर्ज काढा असे मी कोणाला सांगणार नाही. लॅबकडे टेबलावरचा स्कॅनर बहुधा असतो. सिलिकोनचे माप नीट घ्या, ते पाठवा, आणि लॅबला सांगा की कॅप करण्याआधी स्कॅन केलेल्या दाताची चारही बाजूंची चित्रे फोनवर पाठवा. ती मोठी करून कड पाहा, आत झुकलेली बाजू पाहा, वरची जागा पाहा. चुकले असेल तर रुग्णाला पुन्हा बोलवा. कॅप झाल्यावर बोलवण्यापेक्षा ते दोघांनाही स्वस्त पडते. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी लेखिकेने अशा तपासणीसाठी एक पान दिले आहे. ते पान झेरॉक्स करून लॅबच्या पावतीसोबत जोडावे म्हणून मुद्दाम एका बाजूलाच छापले आहे.